खुर्ची रिकामी नव्हती

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. दोन्ही भिंतींना लाकडाच्या पट्ट्या टेकून उभ्या, आणि मधे जेमतेम एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. एखादं धिप्पाड गिऱ्हाईक आलं की मिस्त्री स्वतःच फुटपाथवर येऊन बोलत. आत घेतलं तर परत बाहेर कसं काढायचं, ही चिंता. चित्रांना, फोटोंना, शाळेच्या प्रमाणपत्रांना फ्रेम करून देणं हा त्यांचा धंदा. कोपरे असे जुळवत की नख फिरवलं तरी सांधा लागत नसे.

"चित्रातलं मला काही कळत नाही," ते आधीच सांगून टाकत. "मी चार कडा बघतो. मधलं तुमचं तुम्ही बघा."

हे काही खरं नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं हाताळल्यावर कुठल्या चित्रात जीव आहे आणि कुठलं नुसतं ओढून काढलंय, हे त्यांना माप घेतानाच कळे. पण ते बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

बायको टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. दिवसभर ती अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देई आणि कानावर पडलेलं तिथेच ठेवून घरी येई. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा हे माझ्यापेक्षा आमच्या दाराच्या चौकटीकडेच जास्त बघत होते, असं ती हसून सांगायची. मिस्त्री म्हणायचे, "चौकट वाकडी होती. मुलगी सरळ होती, म्हणून हो म्हटलं."

सगळं ठीक होतं. एकच गोष्ट बायकोला खटके. दुकानात दिवसभर पटाशी आणि करवत चालवणारा हा माणूस घरात सुरीला हात लावत नसे. जेवायला बसला की पाव हाताने तोडायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने विचारलं होतं. "सवय," मिस्त्री म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

मिस्त्रींना जवळचा म्हणावा असा मित्र एकच, शाळेपासूनचा, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. वर्गात सगळ्यांच्या वर मान निघायची म्हणून त्याला लांब्या म्हणत. पुढे चित्रकार म्हणून नाव झालं तरी मिस्त्रींच्या तोंडी तो लांब्याच राहिला. लढाई सुरू झाली तेव्हा दोघांनाही बोलावणं आलं. मिस्त्रींना बंदूक मिळाली. लांब्याचे तळपाय सपाट निघाले, म्हणून त्याला पार मागे, रसदीच्या गोदामात ठेवलं. तिथे त्याने दोन वर्षं खोक्यांवर आकडे रंगवले. लढाई संपून दोघं परतले तेव्हा तो स्वतःच चेष्टेने म्हणायचा, "तू शत्रू बघितलास, मी साबणाची खोकी बघितली."

परतल्यावर लांब्या चित्रं काढू लागला. फुलदाण्या, फळं, लोकांची गुबगुबीत पोरं. चित्रं नीटस होती, पण कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नसे. कॅनव्हास ताणून द्यायला मिस्त्री त्याच्या खोलीवर जात. अशाच एका दुपारी दोघं कॅनव्हास ताणत बसले होते. समोर टेबलावर लांब्याने चित्रासाठी मांडून ठेवलेलं सामान होतं, अर्धा पाव आणि त्याच्या शेजारी सुरी. मिस्त्रींच्या हातातला हातोडा थांबला. आठ वर्षं दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

हिवाळा होता. त्यांची तुकडी एका गावात शिरली होती, आणि घरं तपासायचा हुकूम होता. मिस्त्रींनी एका स्वयंपाकघराचं दार खांद्याने ढकललं. आत टेबलाशी एक म्हातारी पाव कापत बसली होती. आवाजाने ती दचकून वळली, हातात सुरी तशीच. मिस्त्री तेवीस वर्षांचे होते. त्यांनी गोळी झाडली. म्हातारी पडलीसुद्धा नाही, खुर्चीत मागे टेकली एवढंच. तुकडी पुढे निघेपर्यंत दोन तास त्यांना त्याच घरात थांबावं लागलं. टेबलावर अर्धा पाव होता, सुरी, काजळी धरलेला दिवा, दुधाची किटली आणि दोन ताटल्या. दुसरी ताटली कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोन तासांत कुणी आलं नाही.

"आणि किटली?" लांब्याने विचारलं होतं. चित्रकाराचं लक्ष असल्या गोष्टींवर असतं.

"सांडली," मिस्त्री म्हणाले.

लांब्या रडला. मिस्त्रींचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाला, "हे माझ्या पोटात राहील. माझ्या बायकोलासुद्धा सांगणार नाही." मिस्त्रींना त्या दिवशी हलकं वाटलं. घरी जाताना त्यांनी बायकोसाठी पेअरची फळं घेतली. फळं कशाबद्दल, हे तिला कळलं नाही.

त्यानंतर चौदा वर्षं गेली. लांब्याचं हळूहळू बरं चाललं. फुलदाण्या मागे पडल्या. आता तो रंग जाड थापायचा, काळ्या रेघा ओढायचा, वस्तू वाकड्या करायचा. डोळ्याला दिसतं ते नाही, आत सलतं ते रंगवायचं, असा त्याचा नवा पंथ होता. त्याला अभिव्यक्तिवाद म्हणतात, हे मिस्त्रींना त्याच्याकडूनच कळलं. "तुला आत काय सलतं?" मिस्त्रींनी एकदा थट्टेत विचारलं. लांब्याने विषय बदलला.

मग एका सकाळी लांब्या चादरीत गुंडाळलेला मोठा कॅनव्हास घेऊन दुकानात आला. "हे माझं आजवरचं सगळ्यात मोठं काम आहे. याला फ्रेम तूच करायचीस," म्हणाला. मिस्त्री चादर सोडू लागले तसा तो घाईघाईने म्हणाला, "मला जायचंय रे, थांबलेत लोक." आणि गेला. चहाला नाही म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ.

मिस्त्रींनी चादर काढली.

टेबल होतं. पुढे कललेलं, जणू सगळं आता आपल्या अंगावर ओघळेल. पाव जांभळा, चिरलेल्या जखमेसारखा. सुरी टेबलाच्या मानाने फार लांब, आणि टोक बघणाऱ्याच्या पोटाकडे. दिव्याची काच काळी. दोन ताटल्या, त्यांतली एक दातांसारखी पांढरी. किटली आडवी पडलेली, आणि तिच्यातून दूध नव्हे, काहीतरी करडं, घट्ट वाहत टेबलाच्या कडेपर्यंत आलेलं. मागे लाल भिंत, आणि भिंतीला लागून एक रिकामी खुर्ची.

चित्राच्या मागे, लाकडी पट्टीवर, खडूने नाव लिहिलं होतं: 'मी दार ढकललं तेव्हा'.

मिस्त्री स्टुलावर बसले. गिऱ्हाईक येऊन, हाका मारून गेलं. त्यांना ऐकू आलं नाही. हाताशी पटाशी होती. एक ओरखडा पुरला असता. तसं काही त्यांनी केलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी टेप काढला आणि लांबीरुंदी पाटीवर लिहिली. हातांना तेवढंच येत होतं. मनात ते लांब्याची वकिलीही करत होते. त्यालाही जड झालं असेल. तो येईल, तोंडाने सांगेल, मग बघू. काळं लाकूड निवडून, सोनेरी वर्ख न लावता, त्यांनी आठ दिवस ती फ्रेम केली, आणि आठही दिवस दाराकडे लक्ष ठेवलं. नवव्या दिवशी लांब्याने हमाल पाठवला. बरोबर चिठ्ठी होती: 'प्रदर्शनाला वहिनींना घेऊन नक्की ये.'

ते गेले. उजेडाने भरलेलं दालन, कपडे नीट केलेली माणसं, आणि बरोबर मधल्या भिंतीवर ते टेबल. एक टीकाकार बाई लोकांना चित्र उलगडून सांगत होत्या. गोड आवाज, हातात बारीक काठी.

"हे स्थिरचित्र आहे, पण यात स्थिर काहीच नाही. ही सुरी म्हणजे युद्ध. बघा, ती पाव कापत नाहीये, आपल्याकडे रोखलेली आहे. काळा दिवा म्हणजे विझलेलं आयुष्य. दोन ताटल्या, म्हणजे वाट बघणं. सांडलेलं दूध म्हणजे आईपण मातीमोल झालं. आणि ही रिकामी खुर्ची," इथे त्यांनी काठी खाली केली, "हा साक्षात मृत्यू. तो इथे बसून गेलाय."

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. लांब्या बाजूला मान खाली घालून उभा होता. कुणीतरी विचारलं, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

लांब्याने मान वर केली. गर्दीतून त्याची नजर थेट मिस्त्रींवर पडली. क्षणभर वाटलं, तो आता खरं बोलेल.

"हो," लांब्या म्हणाला. "मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो."

वयसुद्धा सोडलं नाही त्याने. आपण बोलणार आहोत हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

"खुर्ची रिकामी नव्हती," ते म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. टीकाकार बाई समजुतीने हसल्या. "काका, काय दाखवायचं आणि काय वगळायचं, हे कलावंताच्या हातात असतं."

"नव्हती रिकामी," मिस्त्री पुन्हा म्हणाले, या खेपेला फक्त लांब्याला.

लांब्या त्यांचा दंड धरून त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे चित्रांची रिकामी खोकी रचून ठेवली होती. दार लागताच तो फुटला. "चारचौघांत? हेच करायचं होतं तुला?"

"तू काय केलंस?"

"मी त्याचं काहीतरी केलं! तू इतकी वर्षं काय केलंस त्याचं? लोणचं घातलंस? बाहेर माणसं रडतायत रे ते बघून."

"तू दार ढकललंस?"

लांब्या ओशाळला. "'मी' म्हणजे मीच असं नसतं चित्रात. तुझं नाव घातलं असतं तर चाललं असतं का तुला? उलट तुझी अब्रू राखली मी."

मिस्त्रींना विचारायचं होतं ते वेगळंच होतं. "ती कुठाय?"

"कोण?"

"कोण म्हणून विचारतोस?"

लांब्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो मऊ आवाजात, शिकवल्यासारखं, सांगू लागला, "अरे, तिला काढलं असतं तर ती एक म्हातारी झाली असती. रिकामी खुर्ची म्हणजे सगळे. लढाईत गेलेले सगळे."

"एकच होती, लांब्या," मिस्त्री म्हणाले. "मी एकीलाच मारलं."

ते बाहेर आले, बायकोला शोधलं आणि तिथून निघाले.

दोघं चालतच घरी आले. सगळा रस्ता मिस्त्री मनात वाक्यं जुळवत होते. आता तिला सांगायलाच हवं होतं. बावीस वर्षं उशीर झाला होता, पण निदान आपल्या तोंडून तरी तिच्या कानावर जावं. घरात शिरल्यावर कोटही न काढता ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले.

"तुला एक सांगायचंय. लढाईतलं. त्या चित्रातलं टेबल लांब्याने नाही बघितलं."

"मला माहीत आहे," बायको म्हणाली.



"त्यांच्या बायकोने सांगितलं मला," ती म्हणाली. "दवाखान्यात रांगेत उभ्या होतो आम्ही. तुम्ही ते पेअर घेऊन आला होतात ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे लांब्याच्या पोटात ते आठवडाभरही राहिलं नव्हतं. आणि मिस्त्री चौदा वर्षं त्याला आपली तिजोरी समजत होते!

"चौदा वर्षं तुला ठाऊक आहे? आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं मी?"

"काहीही! मी इथे रोज तुझ्यासमोर बसून..." आपण चेहरा सांभाळत बसलो, आणि ही समोर बसून तो सांभाळलेला चेहरा बघत होती. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत."

बायको एरवी आवाज चढवत नसे. आत्ताही चढवला नाही. "मी थांबले होते. आज सांगाल, उद्या सांगाल. पाव मी कापून ताटात ठेवायला लागले, ते काय हौस म्हणून? वाटलं, एक दिवस विचाराल तरी, अगं, कापून का ठेवतेस. तेही विचारलं नाहीत." तिने ओट्यावरचं फडकं उचलून उगाच घडी केली. "फसवलं म्हणता. तुम्हाला जे सांगायचं होतं ते तुम्ही त्याला सांगितलंत. मी घरात होते. मला दुसऱ्याच्या बायकोकडून कळलं, रांगेत उभी असताना. मला काय वाटलं असेल?"

मिस्त्री उठले आणि दुकानात गेले. तिथेच राहिले, चार दिवस. पट्ट्यांच्या मधल्या वाटेत अंथरूण घातलं की कूस बदलायला जागा नसे. संतापायचं कुणावर, हेच ठरेना. लांब्यावर संतापावं, तर त्याचा तो गुळगुळीत आवाज आठवून तोंड कडू व्हायचं. बायकोवर संतापावं, तर ती दवाखान्याची रांग डोळ्यांसमोर यायची. पुढे बायको, हातात नंबराचा कागद, आणि कुणीतरी तिच्या कानात तिच्याच नवऱ्याची गोष्ट सांगतंय. हिशेब कुठूनही मांडला तरी सुरुवात त्यांच्यापाशीच येत होती, आणि तरीही आपला विश्वासघात झाला ही भावना काही जाईना. दोन्ही एकदम खरं असू शकतं, याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच अनुभव येत होता.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बायको दुकानात आली. कचेरीचा बिल्ला तसाच छातीवर होता. पट्ट्यांमधून वाट काढत ती स्टुलापर्यंत आली आणि बसली.

"अर्धा तास आहे मला," म्हणाली. "तिच्याकडून ऐकलेलं राहू दे. तुमच्याकडून ऐकायला आलेय."

मिस्त्रींनी सरसाच्या भांड्यातली काठी बाजूला ठेवली. मग बोलू लागले. गाव, दार, सुरी, गोळी. ती मधे बोलली नाही. किटलीपाशी आल्यावर ते अडले.

"ती सांडली नव्हती," ते म्हणाले. "लांब्याला मी खोटं सांगितलं. दूध मी प्यायलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती समोर बसली होती खुर्चीत, आणि मी तिची किटली तोंडाला लावली. कापलेला पावही खाल्ला. दोन तुकडे. चांगला होता."

सांडलेलं दूध म्हणजे आईपण, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. लोक ज्यावर रडले, ती मिस्त्रींची एक थाप होती.

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. जाऊ द्या, असंही म्हणाली नाही. त्याबद्दल मिस्त्री पुढे कायम तिचे ऋणी राहिले. तिने विचारलं, "दिसायला कशी होती?"

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. लांब्याने दिव्याची काच विचारली होती, ताटल्यांचा रंग विचारला होता.

"बुटकी," मिस्त्री म्हणाले. "पाय जमिनीला टेकत नव्हते खुर्चीतून. करडा स्वेटर, त्याचं वरचं बटण निळं, बाकीची तपकिरी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोटांना पीठ लागलं होतं." ते सांगत राहिले. अर्धा तास उलटून गेला. बायकोला त्या दिवशी कचेरीत बोलणी बसली.

संध्याकाळी ते घरी गेले. पण सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. दोघं एकमेकांशी जरा जपून बोलू लागली, नव्याने ओळख झालेल्या माणसांसारखी. कधी भांडण झालं की तिच्या तोंडून 'जा, त्याला सांगा' निघे, आणि मग दोन दिवस घरात बोलणं बंद. लांब्याच्या बायकोशी तिने संबंध तोडले. का, ते कधी सांगितलं नाही.

चित्र संग्रहालयात गेलं. त्याखालच्या पाटीवर टीकाकार बाईंचं सगळं म्हणणं छापलं: सुरी, दिवा, दूध, खुर्ची. शाळांच्या सहली येत आणि पोरं ते वहीत उतरवून घेत.

दोन वर्षांनी लांब्या दुकानात आला. खांदे पडलेले, तब्येत ढासळलेली. फुटपाथवरच उभा राहून म्हणाला, "माझ्या चित्रांचं पुस्तक निघतंय. त्यात खरं लिहितो. दार तू ढकललंस, मी गोदामात होतो, सगळं. तुझं नाव घालून."

"माझं नको," मिस्त्री म्हणाले. "तिचं घाल."

"तिचं नाव काय होतं?"

"मला ठाऊक नाही."

लांब्या थोडा वेळ घुटमळला. मिस्त्रींनी त्याला आत बोलावलं नाही. तो गेल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेली पट्टी करवतीखाली घेतली. पुस्तक निघालं तेव्हा त्यात दाराचा उल्लेख नव्हता, गोदामाचाही नव्हता. पहिल्या पानावर, बारीक अक्षरांत, 'फ्रेमसाठी एका जुन्या मित्राचे आभार' एवढंच होतं. बायकोने ते पान वाचून दाखवलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि काच पुसायला घेतली. एका शाळामास्तरांच्या निवृत्तीचा फोटो संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.